लाल दोऱ्याची बाटली

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आणि ज्या मित्राचा या गोष्टीवर सर्वांत मोठा हक्क आहे, त्याला तर मुळीच नाही. कधी सांगायला लागलो, तरी बोलणे माश्यांवर येते — आणि माश्यांविषयी बोलताना मी इतका सहज होतो, इतका जाणता, की ऐकणाऱ्याला वाटावे, या गृहस्थाला काही सांगायचे नव्हतेच, शिकवायचे होते. आजही सुरुवात माश्यांपासूनच करावी लागेल. मला दुसरा रस्ता ठाऊक नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर चिलटासारखे जे ठिपके घिरट्या घालतात, ते तुम्ही हाताने उडवून लावता. मोर्शीकडचे संत्राबागायतदार ज्या फळमाशीच्या नावाने बोटे मोडतात, ती मोठी. ती ही नव्हे. ही तिळाएवढी, तांबड्या डोळ्यांची, कोणाचे काही न बिघडवणारी. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माझे नाव, माझी पदवी, माझा मान — सारे या तिळाएवढ्या जिवाने दिलेले आहे.

या माशीच्या अंगावर मेणासारखा एक न दिसणारा थर असतो, आणि त्या थराला वास असतो. आपल्याला तो येत नाही; तिच्या जगात मात्र तोच नाव, तोच गाव. नर मादीजवळ येतो, पुढच्या पायाने तिला हलकेच स्पर्श करतो, आणि तेवढ्यात त्याला कळते — ही आपली की परकी. मग तो एक पंख आडवा धरून थरथरवतो. ते त्याचे गाणे. मादी थांबली तर होकार, पाय झाडून निघून गेली तर नकार. हा वास घडवण्याचे काम काही जनुके करतात. त्यांतले एखादे, पिढीमागून पिढीत नकलले जाताना, किंचित बदलते. वास बदलतो. वास बदलला की ओळख बदलते. एकाच झाडाखाली, एकाच नासक्या फळावर बसणाऱ्या माश्यांमध्ये सोयरीक थांबते — आणि मधे डोंगर नाही, नदी नाही, तरी एका प्रजातीच्या दोन होतात.

ही कल्पना आम्ही प्रथम ऐकली तेव्हा दोघे एकाच बाकावर बसत होतो. मी आणि मुश्ताक. तो अकोल्याचा, त्याचे वडील तिथल्या उर्दू शाळेत शिक्षक. त्या तासानंतर आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो आणि चहा मागवला. मग तो म्हणाला, "म्हंजे नुसता वास बदलला तं खानदान बदलते? लयच भारी गोष्ट हाये यार." आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवले की हे आपण आपल्या वऱ्हाडात शोधायचे.

पुढे मी अमरावतीत नोकरीला लागलो, तो अकोल्यात. बेत साधा होता. मोर्शीच्या संत्राबागांतल्या माश्या एकीकडे. मेळघाटात, सेमाडोहला मोहाच्या फुलांवर जमणाऱ्या माश्या दुसरीकडे. बागेतली मादी रानातल्या नराला स्वीकारते का, एवढेच पाहायचे. सेमाडोहला आम्ही दोघेही गेलो होतो. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता, हवेला गोड आंबूस धुंदी होती. मुश्ताक प्रत्येक झाडाखालून वेगळी बाटली भरत होता. मला ते अती वाटले. नाल्यापलीकडच्या एका झाडाखालची बाटली त्याने बाजूला ठेवली आणि तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. मी विचारले, कशाला? म्हणाला, "उगाच. या वायल्या दिसून राह्यल्या." त्या वेगळ्या कशा, हे त्याला सांगता येईना. मला तर फरक दिसतच नव्हता. तेव्हाही मला ठाऊक होते — आमच्या दोघांत माश्यांना पाहणारा डोळा त्याचा आहे. माझ्याकडे भाषा होती.

मी अजून मूळ गोष्टीपाशी आलो नाही, हे माझ्याही ध्यानात आहे. येतो.

आमच्या कामाचा एक नियम आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तो आधी शिकवला जातो. प्रयोगाला घ्यायची मादी कोरी असली पाहिजे — नराच्या सहवासात न आलेली. कोशातून बाहेर पडल्यावर काही तासच ती तशी राहते. म्हणून पहाटे बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, आणि ऊन चढायच्या आत ज्या नव्याने बाहेर आल्या असतील, त्यांतल्या माद्या वेचून वेगळ्या करायच्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर सगळेच लवकर घडते. वाळ्याचा कूलर कितीही ओला ठेवा. उशीर झाला, तर ती अख्खी बाटली साबणाच्या पाण्यात. तिथे दयामाया नाही. कारण एकदा मीलन झालेल्या मादीच्या अंगाला नराचा वास लागलेला असतो. ती पुढे बरेच दिवस कोणालाच होकार देत नाही. आणि दुसरे नरही तो वास ओळखून मागे फिरतात. तिचा नकार हा प्रजातीचा नकार नव्हे. तो कोणालाही असतो.

त्या दिवशी भातकुलीला माझ्या मेव्हणीचा साखरपुडा होता. पहाटे मी मोर्शीच्या माश्यांची बाटली रिकामी केली, दुपारपर्यंत परततो असे स्वतःला सांगितले, आणि गेलो. पंगती उशिरा बसल्या. व्याही आग्रहाचे होते. मी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि बाटली माश्यांनी काळी झाली होती. नरही होते, माद्याही.

ती बाटली मी फेकायला हवी होती. मी फेकली का? नाही. पंधरवड्यावर चर्चासत्र होते. बाहेरगावचे ज्येष्ठ प्राध्यापक येणार होते. आणि माझ्यापाशी दाखवायला काहीच नव्हते. मी माश्यांना इथरची गुंगी दिली, ब्रशने एकेक मादी वेचली आणि स्वतःशी म्हणालो, असतील यांत काही कोऱ्या. अशा वाक्यावर माणूस विश्वास ठेवतो का? ठेवायचा असेल तर ठेवतो.

सेमाडोहचे नर त्या माद्यांसमोर सोडले. असा ठाम नकार मी आधी कधी पाहिला नव्हता. एकही मादी थांबली नाही. मग पडताळा म्हणून मोर्शीचेच नर मोर्शीच्या माद्यांना दाखवायचे होते — आणि त्यासाठी मी दुसऱ्या दिवशीच्या, अगदी वेळेवर वेचलेल्या माद्या घेतल्या. त्यांनी होकार दिला. निकाल आरशासारखा स्वच्छ दिसला: आपल्याला हो, परक्याला नाही. दोन्हींसाठी एकाच बाटलीतल्या माद्या का घेतल्या नाहीत? मला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

इथपर्यंतचे सगळे घाई म्हणून खपले असते. पण नकार देणाऱ्या त्या माद्या मी एका ताज्या नळीत वेगळ्या ठेवल्या होत्या — का, ते आता आठवत नाही. काही दिवसांनी नळी हातात घेतली. माश्यांसाठी घातलेल्या मक्याच्या पिठाच्या आणि गुळाच्या खाद्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कोऱ्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघत नाहीत. माझ्या मोर्शीच्या माद्यांचा सेमाडोहच्या नरांना नकार नव्हताच. त्यांचे आधीच जुळून गेले होते, मी साखरपुड्याच्या पंगतीत बसलेलो असताना.

मी ती नळी उकळत्या पाण्याने धुतली. वास जाईपर्यंत धुतली. उशीर ही चूक होती. ही नळी धुणे ही चूक नव्हती. त्याला जो शब्द आहे तो मला ठाऊक आहे.

दरम्यान मुश्ताक अकोल्यात तेच प्रयोग करत होता, मी पाठवलेल्या मोर्शीच्या माश्यांवर. तो पहाटे उठून माद्या वेचायचा, आणि त्याच्या घरच्या साखरपुड्यांना तो जेवण झाकून ठेवायला सांगायचा. त्याचा फोन आला. "काहून बे, तुह्या मोर्शीच्या पोरी अमरावतीत इतक्या नकचढ्या, अन् अकोल्यात आल्या का लगेच राजी? माह्या गावच्या पान्यात काही हाये का?" मी हसलो. तो पुढे म्हणाला, "फक्त लाल दोऱ्याच्या पोट्ट्यायले त्या पायत बी नाही. बिचारे पंख वाजवू वाजवू थकून राह्यले." हे वाक्य मी ऐकले होते. पुढे काय झाले ते वाचताना एवढे लक्षात ठेवा — मी ऐकले होते.

चर्चासत्रात माझ्यानंतर तो बोलायला उभा राहिला. त्याने जसे दिसले तसे सांगितले: सेमाडोहच्या बहुतेक बाटल्यांतल्या नरांना मोर्शीच्या माद्या स्वीकारतात; एका बाटलीतल्यांना नाही; कारण मला कळत नाही. सभागृहात कुजबुज झाली. एका ज्येष्ठांनी माझ्याकडे वळून विचारले, हा फरक कसा काय? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुश्ताकही. त्याच्या चेहऱ्यावर नुसते कुतूहल होते. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

मी म्हणालो, "अकोल्याच्या बाटल्या मिसळल्या असाव्यात."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्या कामात याहून वाईट बोलता येत नाही. बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा ढिला राहिला, एखादा नर या बाटलीतून त्या बाटलीत गेला, की पुढच्या साऱ्या पिढ्या खोट्या. आणि तसे झाले नाही, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. सभागृहाने ते लगेच मान्य केले. त्याच्या जागी दुसऱ्या नावाचा, दुसऱ्या घरातला माणूस उभा असता, तर इतक्या लगेच केले असते का? या प्रश्नावर मी अनेकदा घुटमळलो आहे. ते सभागृह मी ओळखून होतो. माझे वाक्य तिथे कसे पडेल, हे मला बोलण्याआधी ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

तो चिडेल, भांडेल, माझ्या बाटल्या पाहायला मागेल, अशी मी तयारी ठेवली होती. चहाच्या वेळी तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माह्याच हातून झालं असंन यार. बोळा ढिला राह्यला असंन. तुले दिसलं, मले दिसलंबी नाही. तुह्या कामाले बट्टा लागला असता माह्यापायी." आणि त्याने माझी माफी मागितली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लक्षात घ्या — हात ठेवला.

अकोल्याला जाऊन त्याने सगळ्या बाटल्या साबणाच्या पाण्यात ओतल्या. लाल दोऱ्याचीही. पुन्हा संशोधनाला हात लावला नाही. संशोधन आपल्या हातचे नाही, असे तो म्हणू लागला. आणि शिकवत राहिला. माझा निबंध छापून आला. त्यावर पदवी आली, पदोन्नती आली, मुलांनी पाया पडणे आले.

ही सगळी वीस वर्षांहून जुनी गोष्ट. इतक्या वर्षांत दोष मरत नाही, पण निजतो. मी समजत होतो, झाले ते झाले. एका माणसाने एक विषय सोडला, दुसऱ्याने धरला. मग गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका संस्थेतून एका तरुण संशोधिकेचा फोन आला. तिने सेमाडोहच्या माश्यांची जनुके वाचली होती. मोहाखाली एक नव्हे, दोन प्रकार नांदतात: बहुतेक साध्या, आणि नाल्यापलीकडच्या काही झाडांखाली एक निराळा, ज्याचे वासाचे जनुक बदललेले आहे. नवी प्रजाती घडताना सापडली होती. तिच्या लेखात या शोधाची पहिली चाहूल म्हणून माझ्या निबंधाचा उल्लेख होता. तिने आदराने विचारले, "सर, कुठलीही साधने नसताना तुम्हाला हे कसे दिसले?"

मी फोन कानाला धरून उभा होतो. हे माझ्या बाटलीत नव्हते. माझ्या कुठल्याच बाटलीत नव्हते. ते लाल दोऱ्याच्या बाटलीत होते. मी खोटे बोललो होतो आणि ते खोटे वीस वर्षांनी माझ्या गळ्यात हार घालायला आले होते. मी म्हणालो, "योगायोग." तिला तो विनय वाटला.

त्यानंतर अकोल्याच्या महाविद्यालयाने माझा सत्कार ठरवला. ठरवणारा मुश्ताकच. या वर्षअखेरीस तो निवृत्त होतो आहे. त्याआधी हे व्हावे, असा त्याचा हट्ट होता. शाल त्यानेच माझ्या खांद्यावर घातली. मग तो माईकपाशी गेला, आणि मी आयुष्यात जे ऐकायची कल्पनाही केली नव्हती, ते ऐकले.

"पोट्टेहो," तो म्हणाला, "आपल्या प्रयोगशाळेत बोळ्यावर दोन गाठी मारतेत. तुमी तिले माह्या नावाची गाठ म्हनता, मले मालूम हाये. दरसाल पयल्या दिवशी मी तुमाले सांगतो, का एका मास्तरानं ढिला बोळा ठेवला अन् आपल्या दोस्ताचं खरं काम खोटं पाडाले निंगाला. तो दोस्त हा बसला हाये. यानं तवा पकडलं नसतं, तं आज शाल मले भेटली असती, अन् सायन्सले धोका."

मुले हसली. त्याच्यावर त्यांचे प्रेम होते, ते हसण्यातच कळत होते. मीही हसलो असेन. छायाचित्रात हसताना दिसतो.

तुम्हाला हे नीट कळते आहे ना? त्याने विषय सोडला, एवढेच मी धरून चाललो होतो. त्याने काहीही सोडले नव्हते. जो दोष त्याचा नव्हताच, तो मुश्ताक वर्षानुवर्षे, प्रत्येक नव्या वर्गासमोर, स्वतःच्या तोंडाने कबूल करत आला होता. मी ज्या दिवशी गप्प बसलो, त्या दिवसापासून माझा कबुलीजबाब तो देत होता.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. वहिनी वाढताना म्हणाल्या, "भाईजान, ये कुलूप भी दो बार खींच के देखते, गॅस का बटन भी दो बार. पूरे मोहल्ले में हँसी होती. तुमने क्या सिखा दिए इनको?" मुश्ताक हसत राहिला.

मग त्याने मला पाणी ओतून दिले आणि सहज, कॅन्टीनमधल्या त्या जुन्या आवाजात, विचारले, "एक गोष्ट समजत नाही यार. या नव्या पेपरात तं सेमाडोहले दोन्ही हायेत. राजी होनारेबी, अन् न होनारेबी. मंग तुह्या मोर्शीच्या पोरी सगळ्यायलेच काहून नाही म्हनाल्या?"

तो सत्याच्या दारात येऊन उभा होता. माश्यांना पाहणारा तो डोळा अजून तसाच होता. त्याला फक्त एक पाऊल आत यायचे होते. मी बाजूला व्हायला हवे होते. वर्षे गेली होती, पदव्या झाल्या होत्या, माझे कोणी काही बिघडवू शकत नव्हते. तरी मी म्हणालो — "नमुना लहान होता रे. तेव्हा जनुके कुठे वाचता येत होती?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "असंन," म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी एक शामी कबाब ठेवला.

म्हणजे हा जुना अपराध नव्हे. तरुणपणी घाबरलेल्या कोणा एकाने केलेला, आणि आता दुरून पाहावा, असा तो नव्हे. तो मी त्या दुपारी, पांढऱ्या केसांनी, शाल शेजारी घडी करून ठेवलेली असताना, पुन्हा केला. मला धक्का बसला तो याचा — किती सहज केला. आवाजही बदलला नाही.

स्टेशनवर सोडण्याआधी तो मला प्रयोगशाळेत घेऊन गेला. सुट्टीचा दिवस, कोणी नव्हते. भिंतीला लांब फळी, फळीवर बाटल्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडाला कापसाचा बोळा, बोळ्यावर मलमलीचा तुकडा, आणि त्यावर दोरा — एक गाठ, तिच्यावर दुसरी. त्याने सवयीने एक बाटली उचलली, अंगठ्याने गाठ दाबून पाहिली, परत ठेवली. मग तिच्या शेजारची. तशा त्याने सगळ्या पाहिल्या, मी शेजारी उभा असताना.

हे लिहून झाले की पहिली प्रत त्याच्याकडे जाईल. दुसरी, ज्या पत्रिकेत माझा निबंध छापला गेला तिच्याकडे. तिसरी त्या संशोधिकेकडे. तुमच्या हाती हे पडेल तोवर त्या पोचलेल्या असतील. त्याने काय करावे, हे मी त्यात लिहिलेले नाही. लिहिले आहे ते एवढेच: मोर्शीच्या माद्या कोऱ्या नव्हत्या, आणि ते मला माहीत होते. अकोल्याच्या बाटल्या मिसळल्या नव्हत्या. लाल दोऱ्याची बाटली खरी होती, आणि इतर बाटल्याही खऱ्या होत्या. त्या दिवशी सभागृहात एकच माणूस जे दिसले ते बोलला, आणि तो मी नव्हतो.

अकोल्यात आजही सकाळी कोणीतरी बोळ्यावर दुसरी गाठ मारत असेल. पहिली पुरेशी होती.